कुंपणाबाहेरून इमारत मोजताना

बांधकाम कुठवर आलं, असं विचारलं की उत्तर मजल्यांत मिळतं. चौदावा चालू आहे, बाविसावा पडला. ('स्लॅब पडला' ऐकून नवखा माणूस दचकतो. साइटवर त्याचा अर्थ स्लॅब भरून झाला, एवढाच.) पण शहराच्या मध्यभागी उभ्या राहणाऱ्या मिश्र वापराच्या इमारतीची, म्हणजे पोटात तीन मजले पार्किंग, खाली दुकानं, मधे कार्यालयं आणि वर घरं अशा इमारतीची नोंद ठेवायला घेतली की मजल्यांचा आकडा किती फसवा आहे ते लवकरच कळतं. अशी इमारत कित्येक महिने जमिनीच्या वर येतच नाही. आली की एका मजल्यावर दोन महिने अडून बसते. मग आठवड्याला एक मजला चढते, आणि शेवटचा स्लॅब झाल्यावरही पुष्कळ दिवस बंदच राहते. म्हणून आमच्या वहीत मजल्यांचा रकाना असतो, पण तो एकटा नसतो. साइटवर काय येतंय, बाहेर काय जातंय, आणि इमारतीच्या अंगावरच्या तीन रेषांमध्ये किती अंतर आहे, हे त्याच्या शेजारी लिहिलं जातं. त्या रेषांकडे पुढे येऊच.

आधी फोटोंच्या जागा. पहिल्या दिवशी तीन ठिकाणं पक्की करावीत: एक समोरच्या पदपथावरची, एक उंचावरची (सार्वजनिक पूल किंवा परवानगी मिळालेली गच्ची), आणि एक लांबची, जिथून पूर्ण झालेली इमारतही चौकटीत मावेल. नवखे तिसरीच विसरतात. खड्डा असताना जवळून छान दिसतं, आणि तीस मजले झाल्यावर त्याच जागेवरून फक्त खालचे आठ दिसतात. लेन्सची लांबी, उभं राहायची जागा आणि वेळ कायम ठेवायची. झूम थोडा जरी बदलला तरी मागचा आणि आजचा फोटो एकमेकांवर बसत नाहीत. चौकटीत न हलणारी एक वस्तू हवीच: शेजारच्या इमारतीचा कोपरा, दिव्याचा खांब. तिच्या आधारे उंचीही काढता येते. आठवड्याला एक फोटो पुरतो, शक्यतो सकाळी ऊन बसत असलेल्या बाजूचा. कॅमेरा कायमचा बसवायचा असेल तर आधी गणित करा. दर १५ मिनिटांनी एक याप्रमाणे दिवसाला १० तास म्हणजे ४० फोटो, ९०० दिवसांत ३६,०००. सेकंदाला ३० फोटो या वेगाने ती २० मिनिटांची चित्रफीत होते आणि कुणी ती शेवटपर्यंत पाहत नाही. दिवसातून ठरलेल्या वेळचे दोनच फोटो निवडले तर १,८०० होतात, म्हणजे बरोबर एक मिनिट.

रस्त्यावरून फोटो काढताना कामगारांचे चेहरे टाळावेत. ड्रोनसाठी परवानगी लागते का ते आधी तपासावं, आणि ती असली तरी क्रेनच्या फिरत्या हाताजवळ ड्रोन नेऊ नये.

पहिला टप्पा पत्र्याच्या कुंपणामागचा. दाटीच्या भागात खड्डा उतार देऊन खणता येत नाही, कारण चारही बाजूंना रस्ते, जुन्या इमारती, पाण्याच्या आणि गॅसच्या वाहिन्या. म्हणून आधी खड्ड्याची भिंत होते, खड्डा नंतर. ती डायफ्रॅम वॉल, म्हणजे जमिनीत चर खणून तुकड्यातुकड्याने (एकेक तुकडा म्हणजे पॅनेल) भरलेली काँक्रीटची भिंत असेल तर जमिनीत दोन बुटक्या समांतर काँक्रीटच्या पट्ट्या दिसतात. त्या मार्गदर्शक भिंती. त्यांच्या मधून यंत्राचा जबडा खाली जातो आणि चर बेंटोनाइट या चिकणमातीच्या चिखलट पाण्याने भरलेला ठेवतात, म्हणजे बाजू ढासळत नाहीत. मग सळयांचा पिंजरा उतरवायचा आणि नळीने तळापासून काँक्रीट भरत यायचं. काँक्रीट जड असल्याने बेंटोनाइट वर ढकललं जातं आणि टाक्यांत परत जातं. साइटवर उंच गोल टाक्या उभ्या असतील तर बहुधा हेच काम चालू आहे, असं समजा. पिंजरे आडवे ठेवलेले दिसतात, त्यामुळे पॅनेल मोजणं सोपं असतं: बहुधा एक पिंजरा, एक पॅनेल.

इथे बिघडतं ते बहुधा पॅनेलच्या जोडांवर. जोडात चिखल अडकला की खोदाईनंतर तिथून पाणी येतं. नुसतं पाणी आलं तर जोडात दाबाने रसायन भरून (इंजेक्शन देऊन) बंद करता येतं. पाण्याबरोबर वाळू येऊ लागली तर बाहेरची जमीन पोकळ होते आणि पदपथ खचतो. कुंपणालगत फरशा बसलेल्या दिसल्या तर तारीख लिहून फोटो काढावा. शेजारच्या भिंतींवर चिकटवलेले छोटे परावर्तक आणि भेगांवरच्या काचपट्ट्याही याच भीतीपोटी असतात.

खोदाईची प्रगती डोळ्यांना दिसत नाही, ती डंपरांत मोजायची. ८० बाय ६० मीटरचा खड्डा १२ मीटर खोल न्यायचा तर जमिनीतली माती ५७,६०० घनमीटर. खणलेली माती फुगते. पाव हिस्सा फुगवटा धरला तर ७२,००० घनमीटर. डंपरमध्ये १२ घनमीटर मावते असं धरलं तर ६,००० खेपा. दिवसाला १२० खेपा झाल्या तर ५० दिवसांचं काम. मध्यवस्तीत मात्र अवजड वाहनांना बहुधा ठरावीक तासच सोडतात. रात्री ६० खेपा झाल्या तर त्याच खड्ड्याला १०० रात्री लागतात. 'काम रखडलंय' असं या काळात सगळेच म्हणतात, पण रात्री अकरा ते बारा फाटकाजवळ उभं राहून डंपर मोजले की खरं काय ते कळतं. शेवटचा हिस्सा नेहमी हळू जातो. ज्या उतारावरून डंपर वर येत होते तो उतारही खणायचा असतो, आणि मग माती लांब हाताच्या पोकलेनने किंवा क्रेनच्या बादलीने उचलावी लागते. खड्डा नव्वद टक्के झाला म्हणून दिवसही नव्वद टक्के संपले असं होत नाही.

खड्डा झाला की राफ्ट, म्हणजे सगळ्या इमारतीखालचं जाड काँक्रीट. टॉवरखाली ते दोन मीटर जाड असणं नेहमीचं. ३० बाय ३० मीटरचा तुकडा म्हणजे १,८०० घनमीटर, सहा घनमीटरच्या ट्रान्झिट मिक्सरच्या ३०० खेपा. दोन पंप मिळून तासाला ७५ घनमीटर ओढत असतील तर २४ तास, म्हणजे दर पाच मिनिटांनी एक मिक्सर. मधे खंड पडला तर आधीचा थर घट्ट होतो आणि दोन थरांत सांधा राहतो. म्हणून ओतकाम आठवड्याच्या सुट्टीला, रहदारी कमी असताना ठेवतात आणि एक पंप राखीव उभा करतात. पंपांचे लांब हात आदल्या संध्याकाळी उघडून ठेवलेले दिसले तर दुसऱ्या दिवशीचा बेत रद्द करून तिथे जावं.

एवढं जाड काँक्रीट आतून तापतं. गाभा साधारण ७० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचा नाही आणि गाभा व पृष्ठभाग यांत २० अंशांहून जास्त फरक पडू द्यायचा नाही, हे रूढ मापदंड. पृष्ठभाग लवकर निवला तर तो आकसतो, आतलं आकसत नाही, आणि भेगा जातात. त्यामुळे काँक्रीट बर्फाच्या पाण्याने कालवतात आणि भरून झाल्यावर मात्र वरून पांघरूण घालतात. आधी गार आणि मग ऊबदार, हे बघणाऱ्याला उलटसुलट वाटतं, पण दोन्ही त्याच फरकासाठी.

राफ्ट झाला तरी पाणी उपसणारे पंप चालूच राहतात. भूजल राफ्टच्या तळापासून दहा मीटर वर असेल तर ते दर चौरस मीटरला दहा टनांनी इमारत वर ढकलतं. दोन मीटर राफ्टचं वजन पाच टन. थोडी सुरक्षितता धरून अकरा टन हवेत, म्हणजे अजून सहा. नुसत्या सांगाड्याचा एक मजला पाऊण टन धरला तर राफ्टवर आठ स्लॅब झाल्याशिवाय पंप बंद करणं धोक्याचं. ज्या भागावर टॉवर नाही, फक्त बेसमेंट आणि दुकानं आहेत, तिथे हे वजन कधीच भरत नाही. तिथला राफ्ट पाइलने (जमिनीत खोल भरलेल्या खांबांनी) किंवा अँकरने (खोल रोवलेल्या पोलादी तारा-सळयांनी) जमिनीला खिळून ठेवावा लागतो. कुंपणातून गटारात पडणारी पाण्याची धार कोणत्या आठवड्यात थांबली, ही आमच्या वहीतली एक मोलाची नोंद. ती फार लवकर थांबली तर कपाळाला आठी पडते.

आता क्रेन. टॉवर क्रेनच्या खांबाचा एक तुकडा बऱ्याच मॉडेलांत तीन मीटरचा असतो, त्यामुळे उंची मोजायला ती आयती पट्टीच आहे. मॉडेलप्रमाणे चाळीस-पन्नास मीटरपर्यंत ती सुटी उभी राहते. पुढे इमारतीला लोखंडी बाहूंनी बांधतात. बांधायला इमारत तिथवर आलेली हवी, क्रेन आणि इमारत एकमेकींना हात देत वर जातात. मध्यवस्तीत आडव्या हाताऐवजी वर-खाली होणाऱ्या हाताची क्रेन जास्त दिसते, कारण शेजाऱ्याच्या हद्दीवरून हात फिरवायची मुभा नसते. क्रेनबद्दलची एक चूक सगळे करतात: हात हळूहळू फिरतोय म्हणून काम चालू आहे असं लिहितात. सुट्टीच्या वेळी क्रेनचा ब्रेक मुद्दाम सोडतात, म्हणजे वारा येईल तसा हात फिरतो आणि खांबावर जोर येत नाही. क्रेनचा हुक रिकामा आणि वर ओढून घेतलेला, हात वाऱ्याच्या दिशेने, तर ती क्रेन झोपलेली आहे. वारा ताशी ७२ किलोमीटरच्या आसपास गेला की काम थांबवणं बंधनकारक धरतात. पत्र्यांसारखं रुंद सामान उचलायचं असेल तर त्याच्या कितीतरी आधी.

जमिनीच्या वर आल्यानंतर सगळ्यांना वाटतं आता वेग येईल, आणि नेमकी इथेच ट्रान्सफर मजल्याची गाठ पडते. पार्किंगला खांब लांब लांब हवेत. साधारण ८.४ मीटरच्या अंतरात तीन गाड्या बसतात. घरांना मात्र भिंतींच्या ओळीत, कमी अंतरावर खांब हवेत. वरचे खांब खालच्या खांबांवर येत नाहीत, तेव्हा मधे जाडजूड बीम किंवा स्लॅब घालून भार वळवावा लागतो. दीड ते अडीच मीटर खोलीचे हे बीम, त्यांत ३२ आणि ४० मिलिमीटरच्या सळया इतक्या दाट की व्हायब्रेटरची (काँक्रीट हलवून घट्ट बसवणाऱ्या यंत्राची) नळी घालायला जागा आधी आखून ठेवावी लागते. ती विसरली की बीमच्या तळाशी पोकळ्या राहतात आणि मधाच्या पोळ्यासारखं काँक्रीट दिसतं. शिवाय ओल्या काँक्रीटचा भार: दोन मीटर जाडीला दर चौरस मीटरला पाच टन, नेहमीच्या स्लॅबच्या आठपट. खालचा मजला तो पेलू शकत नाही. मग टेकू थेट राफ्टपर्यंत न्यायचे, नाहीतर बीम दोन थरांत भरून पहिल्या थराला दुसऱ्याचा भार घ्यायला लावायचा. सहा ते दहा आठवडे इथे जातात. बाहेरून फक्त टेकूंचं रान दिसतं. पैसे संपले, ठेकेदार पळाला, या अफवा नेमक्या याच आठवड्यांत उठतात. खरं तपासायचं असेल तर सळयांचे ट्रक मोजा. ट्रक येत असतील तर काम जोरात आहे.

ट्रान्सफरच्या लगत बहुधा एक बुटका सेवा-मजला असतो, खिडक्यांऐवजी झरोक्यांच्या पट्ट्यांचा. घरांचे सांडपाण्याचे पाइप इथे आडवे वळवून दुकानांच्या डोक्यावरून बाजूला नेतात. खालून मोजणारा त्याला मजला धरतो, आराखड्यात त्याला क्रमांक नसतो, आणि पुढची सगळी मोजणी एकाने चुकते. काही इमारती तेरावा आकडाही गाळतात. त्यामुळे आमच्या वहीत 'कितवा मजला' याऐवजी 'जमिनीपासून कितवा स्लॅब' असं लिहितो. घरांचा मजला तीन ते सव्वातीन मीटर, कार्यालयांचा चार मीटरच्या आसपास, दुकानांचा पाच-सहा. फोटोवरून उंची काढताना सगळे सारखे धरले तर फसगत होते.

पुढे एकसारखे मजले लागले की वेग येतो. पहिल्या एकसारख्या मजल्याला दोन-अडीच आठवडे, तिसऱ्या-चौथ्यापासून सातेक दिवस. पहिल्या मजल्यावरून तारखेचा अंदाज बांधू नये, सातव्यावरून बांधावा. लिफ्ट आणि जिन्याचा गाभा दोन-चार मजले पुढे चालतो. त्याच्या भिंतीतून दुमडून ठेवलेल्या सळया नंतर स्लॅबसाठी उघडतात. ताण दिलेल्या तारांचा स्लॅब असेल तर कडेला ठरावीक अंतरावर छोटे कोनाडे आणि त्यांतून डोकावणाऱ्या तारा दिसतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, चाचणीच्या ठोकळ्यांनी ठरलेली ताकद दाखवली की जॅकने तारा ताणतात. तीस मीटरची तार साधारण १८ ते २० सेंटिमीटर बाहेर येते. अपेक्षेपेक्षा कमी आली तर ती मधे कुठेतरी अडकली आहे, जास्त आली तर टोकाची पकड सुटली असेल. हिशोब जुळल्यावरच तारांची शेपटं कापून कोनाडे मसाल्याने बुजवतात. तारा आठ-दहा दिवस लोंबतच राहिल्या तर त्या मजल्यावर काहीतरी अडलंय.

आता त्या तीन रेषा. पहिली, सगळ्यात वरचा भरलेला स्लॅब. दुसरी, खालून वर पाहत गेल्यावर टेकू पूर्ण निघालेला सगळ्यात वरचा मजला. तिसरी, काच किंवा बाहेरचं आवरण लागलेला सगळ्यात वरचा मजला. पहिली आणि दुसरी यांत तीन-चार मजले असणं रीतसर आहे, कारण कोवळ्या स्लॅबचा भार खालच्या काही स्लॅबांनी वाटून घ्यायचा असतो. हे अंतर एकवर आलं तर कुणीतरी घाई करतंय. ते सहा-सातवर गेलं तर टेकू काढायला माणसं नाहीत, किंवा ठोकळ्यांचे आकडे बरोबर आलेले नाहीत. दुसरी आणि तिसरी यांतलं अंतर खरं वेळापत्रक सांगतं. आवरण टेकूंच्या आठ-दहा मजले खाली चाललं तर ठीक. दर महिन्याला हे अंतर वाढत गेलं तर वरचे मजले कितीही भराभर चढोत, इमारत उशिरा होणार. काच लागल्याशिवाय पाऊस आत येतो, आणि पाऊस येणाऱ्या मजल्यावर जिप्सम, लाकूड, विजेचे बोर्ड काहीच लावता येत नाही. वाहिन्या आणि पाइप तेवढे टांगता येतात.

आवरणात नेहमी एक उभी पट्टी रिकामी राहते. ती चूक नाही. तिथे होइस्ट, म्हणजे सामान नेणारी बाहेरची तात्पुरती लिफ्ट, भिंतीला धरून उभा असतो. आतली मोठी लिफ्ट तात्पुरती चालू झाली की होइस्ट उतरतो आणि वरपासून खालपर्यंत ती फट बुजवतात. होइस्ट उतरल्याची तारीख आमच्या मते शेवटच्या स्लॅबच्या तारखेपेक्षा महत्त्वाची. शेवटच्या स्लॅबला फुगे लावतात, होइस्ट उतरताना कुणी बघायलाही येत नाही.

आतलं काम बाहेरून वाचायचं तर रात्री जावं. समान अंतरावर लोंबणाऱ्या माळा म्हणजे तात्पुरते दिवे. छतात बसलेला एकसारखा उजेड म्हणजे त्या मजल्याचं छत झालं. रस्त्याकडेच्या जनरेटरचा घरघराट बंद होऊनही दिवे चालू असतील तर कायमची वीज आली. आणि एखाद्या रात्री सगळी इमारत अचानक काळोखी होऊन काही सेकंदांत जिने आणि मार्गिका तेवढ्या उजळल्या, तर ती बिघाडाची रात्र नाही. पुरवठा मुद्दाम तोडून आणीबाणीचे दिवे, आग विझवण्याचे पंप आणि जिन्यात हवा भरणारे पंखे एकत्र तपासत असतात. ही चाचणी पहिल्या खेपेला क्वचितच उत्तीर्ण होते. दोन-तीनदा दिसली तर नवल नाही.

मिश्र वापराची खास अडचण म्हणजे एकाच इमारतीचे तुकड्यातुकड्याने उघडणं. दुकानं आधी उघडायची असतात, वर काम चालूच. मग दुकानांच्या डोक्यावर भक्कम फलाट, ग्राहकांसाठी छत असलेली वाट, आणि आगीची यंत्रणा खालच्या भागापुरती वेगळी चालती ठेवावी लागते. उपाहारगृहाच्या धुराचा नळ थेट गच्चीपर्यंत जायला हवा. त्याची उभी पोकळी सुरुवातीच्या आराखड्यात सुटली असेल तर शेवटी इमारतीच्या पाठीवर पत्र्याची चिमणी चढते. फोटोत ती पहिल्यांदा दिसली की जुना आराखडा काढून बघा, तिथे ती नसते. खालच्या सपाट गच्चीवर पाणी साठवून एक ते तीन दिवस गळती बघतात. ही चाचणी बागेची माती पडण्याआधी झाली पाहिजे. नंतर गळती सापडली तर सगळी माती पुन्हा उचलावी लागते. उंचावरच्या जागेवरून त्या गच्चीत आकाश दिसलं, की तारीख टाकावी.

पोडियमचा, म्हणजे टॉवरच्या पायथ्याशी पसरलेल्या बुटक्या भागाचा, एक कोपरा मात्र अगदी शेवटपर्यंत उघडा राहतो, कारण क्रेन तिथूनच बाहेर पडणार असते. क्रेन इमारतीच्या पोटातून चढली असेल तर गच्चीवर छोटी क्रेन उभारून तिने मोठी सोडवायची, मग त्याहून छोटीने ती, आणि शेवटची सुटी करून लिफ्टने खाली. क्रेन निघाल्यावर स्लॅबमधलं तिचं भोक बुजवतात. त्या तुकड्याचं नवं काँक्रीट फिकट असतं, खालून बघणाऱ्याला काही महिने ते ओळखू येतं. त्यानंतर रस्ता खणून सांडपाण्याची कायमची जोडणी, पदपथ, आणि कुंपण निघणं. तिन्ही ठिकाणांवरून त्याच लेन्सने, त्याच वेळी शेवटचे फोटो त्या दिवशी घ्यावेत. लांबच्या जागेसमोर तोवर दुसऱ्याच एखाद्या प्लॉटवर पत्र्याचं कुंपण लागलेलं असतं, तेव्हा तो फोटो आधी.